मण्याचा रंग

गायधनी साहेबांनी अहवालाचा कागद टेबलावर फिरवून पगारे गुरुजींसमोर सरकवला आणि त्यातल्या एका रिकाम्या रकान्यावर पेन्सिलीचे टोक टेकवले.

"हे काय आहे?"

रकान्याच्या वर छापले होते, 'शिक्षकाचे स्वतःचे निरीक्षण'. खाली काहीच नव्हते. शेजारच्या 'विद्यार्थ्यांचे निरीक्षण' या रकान्यात मात्र गुरुजींच्या सुट्या, सरळ अक्षरात लिहिलेले होते : 'क' टोकाला धन तार जोडल्यावर दिवा हिरवा. 'ख' टोकाला जोडल्यावर लाल. विद्यार्थी सदतीस, सर्वांचे उत्तर एकच.

"राहून गेलं, साहेब," पगारे गुरुजी म्हणाले.

"राहिलं ते राहिलं. जे लिहिलंय ते तरी धड आहे का? उलटं लिहिलंय तुम्ही."

हॉलमधल्या बाकांवर आणखी एकोणीस शिक्षक बसले होते. प्रत्येकाच्या पायाशी किंवा मांडीवर एकेक निळी पत्र्याची पेटी होती. जानेवारीतली सकाळ होती, १९८५ सालची, आणि नाशिकच्या थंडीने खिडक्या बंद ठेवल्या होत्या. तरी गुरुजींच्या मानेला घाम सुटला.

प्राथमिक शाळांसाठी नवे विज्ञान येणार होते. एकविसावे शतक पंधरा वर्षांवर आले आहे आणि आपली चौथीतली मुले अजून बी कसे रुजते एवढेच शिकतात, असे गायधनी साहेब प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला सांगत. ते या प्रकल्पाचे जिल्ह्यातले अधिकारी होते. पुस्तिकेचा कच्चा मसुदा तयार झाला होता आणि तो वापरून पाहायला वीस शाळा निवडल्या होत्या. प्रत्येक शाळेला एक पेटी, एक पुस्तिका आणि अहवालाचा एक छापील कागद मिळाला होता. जूनपासून हीच पुस्तिका सगळीकडे जायची होती. दुपारी तीन वाजता पुण्याहून समिती येणार होती आणि वीस अहवाल तिच्यापुढे ठेवायचे होते.

पेटीतली बाकीची सामग्री साधी होती. भिंग, चुंबक, तारा, सेल. नवी होती ती फक्त एक लाकडी पट्टी, आणि तिच्यावर बसवलेला हरभऱ्याएवढा दुधी रंगाचा दिवा. पुस्तिकेत त्याला मोठे नाव होते. पगारे गुरुजींच्या शाळेतली मुले त्याला मणी म्हणत. पट्टीच्या दोन टोकांवर क आणि ख अशी अक्षरे होती. सेलची तार एका बाजूने जोडली की मणी एका रंगात उजळायचा आणि तारा उलट केल्या की दुसऱ्या रंगात. विजेला दिशा असते हे मुलांना त्यावरून कळावे, असा पाठाचा हेतू होता. पुस्तिका सांगत होती, 'क' ला धन जोडल्यास लाल. एकोणीस अहवालांत तसेच होते.

"एकोणीस शाळांत लाल लागतो आणि तुमच्या एकट्याच्या शाळेत हिरवा. असं कसं होईल, गुरुजी?"

"मुलांनी सांगितलं तेच लिहिलं, साहेब."

"मुलांनी सांगितलं. आणि तुमचे डोळे?"



सावळीराम पगारे यांना लाल आणि हिरवा हे दोन रंग वेगळे दिसत नसत. हे जगात तीन माणसांना माहीत होते. त्यांतला एक त्यांचा बाप, इगतपुरीला रेल्वेत गँगमन होता, तो वारला होता. दुसरी त्यांची बायको लताबाई. तिसरे ते स्वतः. अठराव्या वर्षी ते रेल्वेच्या नोकरीसाठी डॉक्टरी तपासणीला गेले होते. डॉक्टरने ठिपक्याठिपक्यांचे एक पुस्तक उघडून त्यातले आकडे वाचायला सांगितले. सावळीरामला ठिपके दिसले, आकडे दिसले नाहीत. पान उलटले, तिथेही नाहीत. डॉक्टरने पुस्तक मिटले आणि पुढच्याला हाक मारली. चाळीत बापाने सगळ्यांना सांगितले की पोराची उंची कमी पडली. त्या पोराची उंची चाळीतल्या कुणाहीपेक्षा जास्त होती आणि ते ऐकताना कुणी हसलेही नाही. नंतर बाप एकदाच बोलला. आपल्याकडे बोट दाखवायला लोक टपलेलेच असतात, म्हणाला, आपण होऊन जागा द्यायची नाही.

सावळीराम मास्तर झाले आणि त्यांनी जागा दिली नाही. घोटीपासून आत पिंपळदऱ्याच्या दोन-शिक्षकी शाळेत त्यांचा मस्टर, त्यांचे टाचण, त्यांचा फळा यांत कधी कुणाला खोट सापडली नाही. गावात पहिली दोन वर्षे लोक त्यांचे आडनाव ऐकून जरा थांबत, मग पुढचे बोलत. नंतर ते थांबणे बंद झाले. रंगांचा प्रश्न आला की ते मुलांना विचारत. हे पान कसे दिसते, तुझा सदरा कोणत्या रंगाचा, झेंड्यात वर काय, खाली काय. मुलांना वाटे, गुरुजींची शिकवायची रीतच अशी आहे.

मण्याच्या दिवशीही तसेच झाले होते. त्यांनी तिसरी-चौथीची मुले एकत्र बसवली, खिडक्या लावून घेतल्या आणि तार जोडली. मणी पिवळट उजळला. त्यांनी तारा उलट केल्या. मणी पुन्हा तसाच पिवळट उजळला. त्यांना वाटले, प्रयोग फसला, आणि तेवढ्यात वर्गात एकच कल्ला झाला. मुले उठून उभी राहिली. भागी नावाची एक मुलगी टेबलापर्यंत पळत आली आणि परत करा म्हणाली. त्यांनी परत केले. दहा वेळा केले. एकेकाला जवळ बोलावून विचारले आणि लिहून घेतले.

रात्री अहवाल भरताना शिक्षकाच्या रकान्यातही तेच उतरवायला हरकत नव्हती. वीस वर्षे ते दुसऱ्यांनी पाहिलेले आपले म्हणून सांगतच होते. पण 'स्वतःचे' हा शब्द छापलेला होता आणि हात तिथे थांबला. नंतर लिहू म्हणून त्यांनी कागद घडी करून ठेवला आणि नंतर तो तसाच धाडला.

"आणा ती पट्टी इकडे," गायधनी साहेब म्हणाले.

गुरुजींनी आपली पेटी उघडली, पट्टी काढली आणि सेल बसवले. साहेबांनी स्वतः 'क' ला धन तार जोडली. मणी उजळला. हॉल एकदम गप्प झाला.

गुरुजींनी मण्याकडे पाहिले, मग चेहऱ्यांकडे. आपले बरोबर ठरले की चूक, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होते, फक्त त्यांना दिसत नव्हते. साहेबांचा अंगठा तारेवर होता आणि नखाच्या कडा दाबाने पांढऱ्या झाल्या होत्या. क्षणभराने ते सरकून मण्याच्या आणि बाकांच्या मध्ये आले.

"उजेडात नीट कळत नाही. तरी लालसरच आहे ना? काय हो, आहेर?"

पहिल्या बाकावरचे आहेर गुरुजी पुढे वाकले. लालच म्हणायचा, साहेब, असे म्हणाले. शेजारच्यानेही मान हलवली आणि लाल म्हटले. तिसऱ्या होत्या वाडीवऱ्ह्याकडच्या एका शाळेतल्या नवसाबाई बेंडकोळी. त्या उठून उभ्या राहिल्या, त्यांनी मण्याकडे पाहिले, मग साहेबांकडे.

"लाल," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

साहेबांनी तार काढली. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. चूक कुणाचीही होते, म्हणाले. मुले कालवा करतात, त्यात ऐकण्यात गफलत होते. तीन वाजेपर्यंत दोन शब्द दुरुस्त करा, रिकामा रकाना भरा आणि कागद माझ्याकडे द्या. एका शाळेसाठी जिल्ह्याचा प्रकल्प अडकला तर पुढच्या वर्षी पेट्या दुसऱ्या जिल्ह्यात जातील आणि पिंपळदऱ्याची पेटी तर आजच जमा करावी लागेल.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे डबे घेऊन व्हरांड्यात बसले. पगारे गुरुजींनी अहवाल खिशात घातला, पट्टी आणि सेल कोटाच्या आत धरले आणि जिना उतरून रस्त्यावर आले. डोक्यात एकच हिशेब चालला होता. सदतीस मुले एकीकडे, तीन मोठी माणसे दुसरीकडे. मुले एकमेकांचे ऐकून बोलतात हे खरे होते. पहिल्याने हिरवा म्हटले असेल आणि बाकीच्यांनी री ओढली असेल. आपण एकेकाला जवळ बोलावले होते, पण बाकीची ऐकत होतीच. समजा मुलेच चुकली असतील, तर आपल्याला ते कधीच कळले नसते.

फाटकाशी एक बाई पाटीत पेरू मांडून बसली होती. गुरुजी तिच्यासमोर उकिडवे बसले. तिने तराजू उचलला. त्यांनी मान हलवली, कोट पुढे ओढून सावली केली आणि तिच्यापुढे पट्टी धरली.

"बाई, जरा बघा. हा कोणत्या रंगाचा दिसतो?"

तिने आधी त्यांच्याकडे पाहिले, माणूस बरा आहे ना हे बघितल्यासारखे. मग वाकून कोटाच्या सावलीत डोके घातले.

"हिरवा हाय की."

"नक्की?"

"आता हिरवा मला कळंना व्हय? दिसभर पेरू इकते."

त्यांनी तारा उलट केल्या. तार दोनदा निसटली.

"आँ! तांबडा झाला," ती म्हणाली. "कसं केलं हो? परत करा."

त्यांनी परत केले. मग आभार मानून उठले आणि फाटकाच्या खांबाला टेकून उभे राहिले. आता मुलांची काळजी उरली नव्हती. पण सकाळची ती शांतता त्यांना आत्ता समजली. त्या खोलीत सगळ्यांनीच हिरवा पाहिला होता. पाहून तिघांनी लाल म्हटले होते आणि बाकीचे गप्प बसले होते. आपण एकटेच असे होतो की ज्याला खरोखर काही दिसले नव्हते.

खिशातून कागद काढून त्यांनी पाहिला. दोन शब्द खोडायचे होते. खोडले, तर जूनमध्ये पुस्तिका येईल, ते वर्गात तार जोडतील, मुले हिरवा म्हणून ओरडतील आणि पुस्तकात लाल आहे म्हणून त्यांना गप्प बसवावे लागेल. भागीला खाली बसवावे लागेल. नाही खोडले, तर साहेब चारचौघांत विचारतील, तुम्ही स्वतः काय पाहिलंत. आणि त्याला उत्तर एकच होते.

समिती तीनला दहा मिनिटे कमी असतानाच आली. दोन गृहस्थ होते आणि मोकाशी बाई म्हणून साठीच्या एक विदुषी, बारीक काडीचा चष्मा लावलेल्या. त्यांनीच पुस्तिकेचा मसुदा लिहून घेतला होता. गायधनी साहेबांनी अहवाल पुढे ठेवले. सगळ्या शाळांत प्रयोग यशस्वी झाले, एका अहवालात किरकोळ लेखनाची चूक होती ती दुरुस्त होत आहे, असे सांगितले आणि पगारे गुरुजींकडे पाहून हात पुढे केला.

गुरुजी उठले. साहेबांच्या हाताजवळून पुढे जाऊन त्यांनी कागद मोकाशी बाईंसमोर ठेवला.

बाईंनी वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला.

"इथे हिरवा लिहिलंय."

साहेब घाईने म्हणाले की गुरुजींनी स्वतः पाहिलेले नाही, मुलांवर सोडून दिले, म्हणून तर रकाना रिकामा आहे. कामात हयगय झाली आहे, पण तशी त्यांची सेवा स्वच्छ आहे.

"तुम्ही पाहिलं नाहीत?" बाईंनी विचारले.

"पाहिलं, बाई." गुरुजींनी टेबलाची कड धरली. "मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. म्हणून मी मुलांना विचारतो."

मागे कुणाची तरी पेटी फरशीवर घासली.

"सकाळी इथे हा दिवा लावला, तेव्हाही मला कळलं नाही," ते पुढे म्हणाले. "इथे लाल म्हणाले. मग मी खाली जाऊन पेरूवाल्या बाईंना विचारलं. त्या हिरवा म्हणाल्या. त्यांनी पुस्तिका वाचलेली नाही."

कुणीतरी हसले आणि लगेच थांबले. मोकाशी बाईंनी पट्टी मागून घेतली. एका गृहस्थांनी उठून पडदा ओढला. बाईंनी 'क' ला तार लावली आणि बराच वेळ मण्याकडे पाहत राहिल्या. मग बाकांच्या पहिल्या रांगेकडे बोट करून जवळची एक पेटी मागितली. आहेर गुरुजींची होती. झाकणावर कारखान्याने चिकटवलेली कागदी पट्टी अजून तशीच होती, न फाडलेली, कडेकडेने सपाट. बाईंनी ती नखाने फाडली, आतली लाकडी पट्टी काढली, तार लावली. मग दुसरी पेटी मागितली. तिच्यावरचीही कागदी पट्टी शाबूत होती. तिसरी त्यांनी मागितली नाही.

बाईंनी मसुद्याची प्रत उघडली, पान शोधले, दोन शब्द खोडले आणि वर दोन शब्द लिहिले. मग अहवालाचा कागद गुरुजींकडे परत सरकवला आणि स्वतःचे पेन त्यावर ठेवले.

"आत्ता जे सांगितलंत तेच इथे लिहा."

गुरुजींनी उभ्या उभ्या लिहिले. अक्षर नेहमीसारखे आले नाही.

बैठक लवकर संपली. एकोणीस शाळांनी प्रयोग करून महिनाभरात नवे अहवाल पाठवायचे ठरले. जिन्यात गायधनी साहेबांनी गुरुजींना थांबवले. ते रागावलेले दिसत नव्हते, थकलेले दिसत होते.

"नोकरीला लागताना डॉक्टरी दाखला दिला होतात ना तुम्ही?"

"दिला होता, साहेब."

"त्यात हे नाही. आठ दिवसांत लेखी खुलासा पाठवा. मला वर कळवावं लागेल."

"पाठवतो," गुरुजी म्हणाले. खुलाशात काय लिहायचे ते त्यांना माहीत नव्हते. घरी लताबाईंना हे कोणत्या शब्दांत सांगायचे, तेही ठरत नव्हते.

स्टँडवर घोटीची एस.टी. लागलेली होती. पुढच्या बाकांवर आहेर आणि आणखी दोघे शिक्षक होते. गुरुजी चढले तसे त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. गुरुजी मागे जाऊन बसले. गाडी सुटता सुटता नवसाबाई बेंडकोळी धावत आल्या, पेटी छातीशी धरलेली. पुढे जागा होती. त्या मागे आल्या आणि मध्ये पेटी ठेवून गुरुजींच्या बाकावर टेकल्या.

विल्होळी मागे पडली. कंडक्टर तिकिटे फाडून गेला.

"सकाळी मला हिरवाच दिसला होता," त्या म्हणाल्या.

"दुपारी कळलं मला."

त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले. पेटी उघडली नव्हती, आणि अहवालात तर लाल लिहून बसले होते, असे काहीसे त्या सांगत होत्या. गाडीच्या आवाजात निम्मे बुडाले. गुरुजींनी मान हलवली. बाई त्यांच्याकडे वळल्या.

"तुम्हाला कसा दिसतो तो?"

हे त्यांना आजवर कुणी विचारले नव्हते. डॉक्टरने नाही, बापाने नाही. लताबाईंनीही नाही, त्या फक्त लाल-हिरव्या शाईच्या दौती आणून देताना लाल कोणती, उजवीकडची की डावीकडची, ते सांगायच्या. गुरुजींना उत्तर शोधावे लागले.

"पिवळट. जुन्या वहीच्या पानासारखा. तारा बदलल्या तरी तसाच." ते थांबले. "मुलं ओरडतात तेव्हा समजतं, बदलला."

बाईंनी पेटीवर हात ठेवला. कागदी पट्टीवरून त्यांचे बोट एकदा इकडून तिकडे गेले.

"माझ्याकडे चौथीला सव्वीस आहेत," त्या म्हणाल्या. "उद्या प्रार्थना झाली की लावते."

वाडीवऱ्हे आले. त्या उठल्या, पेटी काखेत घेतली. गुरुजी पाय आखडून त्यांना वाट देत म्हणाले,

"आधी खिडक्या लावून घ्या, बाई. आणि रंग तुम्ही सांगू नका."